मापाची वही

वडिलांच्या मापाच्या वहीत, सन बेचाळीसच्या पानावर,
गार्ड, फायरमन, तिकीट कलेक्टर यांच्या कोटांमध्ये
एक नाव आहे: वाराडी एटेल्का.
आडनाव आधी. वडिलांना ते फार पटलेलं.
"आपला मस्टरसारखंच लिखतस म्हने तिन्हा मुलूखमा."
पुढे कंबर एकतीस, खांदा साडेपंधरा,
आणि छाती दोनदा:
श्वास सोडून अडतीस. श्वास घेऊन साडेबेचाळीस.

साडेचार इंचांचा फरक
अख्ख्या भुसावळात कुणाचा नव्हता,
लोकोशेडमधल्या धनसिंग पैलवानाचाही नाही.
"आते दम सोडा, बाई," वडील म्हणायचे,
आणि ती सोडायची, पण एकदम नाही.
फीत त्यांच्या बोटांतून सरकत राहायची,
कुणी रहाट उलटा फिरवतंय, सावकाश, तशी.
मी काजं करत बसलेलो, सुई हवेत.

बुडापेस्टच्या ऑपेऱ्यात अकरा वर्षं.
राणी, मोलकरीण, विधवा, एकदा तर मिसरूड फुटलेला पोरगा.
मुंबईला आली ती तीन महिन्यांसाठी.
मग लढाई, मग तिचा देश चुकीच्या बाजूला,
मग एक बॉयलर इन्स्पेक्टर, त्याचा बंगला, त्याचा दमा,
मग त्याची कबर,
मग नुसतं भुसावळ,
तेही पहिल्या अक्षरावर जोर देऊन.

पेटाऱ्यात सात पोशाख. प्रत्येकाच्या अस्तरावर
शाईनं लिहिलेली नावं, एकाखाली एक,
त्या त्या वेशात उभ्या राहिलेल्या बायकांची.
ती लिपी वडिलांना येत नव्हती, शिवण येत होती.
"हाई बारीक व्हती. हाई घाममा भिजे,
काखमा तीन डाव अस्तर बदलेल शे.
हिनी पोट लपाडं, पाच महिनानं."
मी हिंदीत सांगितलं तिला.
एटेल्काबाई खुर्चीतून उठली.
म्हणाली, ती मीच.
वडील बराच वेळ कात्रीला तेल देत बसले.

चव्वेचाळीसच्या डिसेंबरात इन्स्टिट्यूटमध्ये गायली.
आत साहेबलोक. आम्ही दाराबाहेर,
हाताला भरताचा वास, खिशात शेंगा.
हिरवं मखमल, बगलेत चार बोटं सैल.
शेवटच्या अंकातलं मरण होतं म्हणे.
मरता मरता तिनं जो सूर धरला
त्यात पंजाब मेल शिरली, शिट्टी देत.
ती थांबली नाही. शिट्टीच्या खाली गेली,
गाडी लांब जाऊन बारीक होईस्तोवर तिथंच राहिली,
मग वर आली.
टाळ्या वाजल्या. वडील तिच्या पाठीकडे बघत होते.
"टाका सुटना नही," एवढंच म्हणाले.

पुढची पानं माझ्या अक्षरात, वडिलांची नजर गेल्यावरची.
एक्कावन्न: सदतीस, चाळीस.
छप्पन: सदतीस, साडेअडतीस.
त्या हिवाळ्यात तिच्या शहरात रणगाडे होते.
ती आमच्या दुकानात रेडिओला कान लावून
बोटांवर काहीतरी मोजायची.
पूल असतील. गल्ल्या असतील.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पुढल्या श्रावणात हिरवं मखमल घेऊन आली.
शेजारी विसपुत्यांकडे कानबाई बसायची होती,
चौरंगामागे पडदा हवा होता.
काप, म्हणाली. अस्तर तेवढं मला दे.
अस्तरावर शेवटचं नाव तिचंच असेल असं मला वाटलेलं.
नव्हतं. लिहायचं राहून गेलं होतं.
माझ्याकडे मार्किंगची पेन्सिल होती.
मी मराठीत लिहिलं, आडनाव आधी.

रात्रभर बायका गात होत्या.
मांडीवर अस्तराची घडी, ती मागे, कण्यांच्या पोत्याला टेकून,
तोंड मिटलेलं.
मी दारातून तिची पाठ पाहत होतो.
प्रत्येक ओळीच्या आधी ती पाठ भरून यायची,
बायकांच्या अर्धा क्षण आधी,
आणि पोलक्याची शिवण ताणली जायची.

वहीत साडेअडतीस आहे.
दुसऱ्या दिवशी, न विचारता,
मी बगलेत दोन बोटं उसवली.