सहावी बशी

पहाटे पाचला व्हॅनचे दिवे मालवून आम्ही उतरतो.
लिमोजपासून तासाभरावरचं गाव, चर्चमागचं ओलं गवत,
लोक घरातलं जुनंपानं नुकतं मांडताहेत.
सोलांजच्या दातांत बॅटरी, दोन्ही हात मोकळे.
मी मागे, खोकी आणि रद्दी घेऊन.

ती कप उपडा करते, बुडाचा हिरवा शिक्का वाचते,
नखाने टिचकी मारते, कान देते.
खणखणीत वाजला तर चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.
बद्द वाजला तर तोंडभर स्तुती करून जागेवर ठेवते.
एकवीस वर्षं झाली,
मला अजून दोन्ही आवाज सारखेच.

त्या दिवशी अँसेल्म नावाच्या म्हाताऱ्याच्या घडीच्या टेबलावर
पाच कप, सहा बश्या.
काठाची सोनेरी रेघ ओठ लागून लागून एका बाजूने पुसट,
आणि पातळ इतके, की आत धरलेलं बोट बाहेरून दिसावं.
"सहावा फुटला का?"
"फुटतोय कशाला? घरी आहे. दाढीचा साबण असतो त्यात."
सोलांज हसली नाही.
सहाचा संच म्हणजे दुप्पट भाव.
तिने चाळीस युरो जास्त देऊ केले, मग साठ,
मग नवा वाडगा घेऊन द्यायची भाषा.
तो गाल चोळत म्हणाला, "सवय आहे हो."

पाच कप गेंटच्या एका दंतवैद्य बाईंनी नेले, पाच बश्यांसकट.
सहावी राहिली गल्ल्याजवळ.
तिच्यात सुटी नाणी, रबरबँड, माझ्या चष्म्याचा स्क्रू.

मार्चमध्ये त्याच्या पुतणीने घर रिकामं केलं.
तिसऱ्या खोक्यात, कपड्यांच्या चिमट्यांखाली
तो निघाला. कान तुटलेला,
तळाशी साबणाची पिवळट खपली, तिच्यात ब्रशाचे तीन केस.
"न्या तसाच," पुतणी म्हणाली.
सोलांजने तरी दोन युरो मोजले.
फुकट घेतलं की भाव सांगताना जीभ अडखळते, म्हणते.

रात्रभर कोमट पाण्यात भिजवला.
सकाळी पुसून टिचकी मारली.
मलासुद्धा ऐकू आलं.

नाणी मी खिशात घातली, स्क्रू मात्र हरवला.
आता कपबशी खिडकीत आहे, बिनकानाची,
चिठ्ठीवर नव्वद.
परवा एक जोडपं काचेला नाक लावून बराच वेळ उभं होतं.
ते दाराशी येईपर्यंत
सोलांजने पेन काढलं
आणि नव्वदच्या डावीकडे
एक उभी रेघ ओढली.