खातं

ओहोटी लागलेली, म्हणून धक्क्याच्या लोखंडी शिडीने
वर चढावं लागलं. फाइल काखेत, बूट शेवाळावर.
वरून सेल्बी कीपिंगने हात दिला.
"मंत्री आल्या" वगैरे काही नाही. म्हणाला,
"सायलसची धाकटी ना तू?
तुझा बाप याच शिडीवरून पडला होता एकदा.
प्यायलेला नव्हता, म्हणून लक्षात राहिलं."

माझ्याकडे प्रादेशिक विकासाचं खातं आहे.
सेंट जॉन्सला, सातव्या मजल्यावर, भिंतभर नकाशा,
त्यात गावागावाला टाचण्या.
हिरवी म्हणजे वाढतंय, पिवळी म्हणजे बघू.
लाल टाचण्या डबीतच असतात.
त्या कुणी लावत नाही, नुसती पिवळी उपटतात.
मागे बारीकसं भोक राहतं.

गनर्स टिकल. घरं बावीस, माणसं एक्केचाळीस.
शाळेत मूल एक, बाई एक,
दोघं एकमेकांना कंटाळलेली.
कॉडवर बंदी आली तेव्हापासून कारखान्याला कुलूप.
माझ्या आधीचे येऊन गेले, हात रिकामे कुणाचेच नव्हते.
एकाने बेरीच्या जॅमला अनुदान दिलं,
एकाने बोटी दुरुस्त करायचा वर्ग काढला,
तोवर बोटी विकून झाल्या होत्या.
एकाने देवमासे बघायला मनोरा बांधला.
मनोऱ्यावर डल्सी स्नूक चादरी वाळत घालते.
मी विचारलं, दिसतात का देवमासे?
"दिसतात की. बघायला कुणी येत नाही,
मग तेच आम्हाला बघून जातात."

मी आणलाय तो कागद असा:
यादीतल्या दहांपैकी नऊ जणांनी हो म्हटलं
तर घरटी रक्कम, आणि गाव उठवायचं.
वीज बंद, फेरीबोट बंद.
विकासाच्या खात्याने या गावाला दिलेलं
हे पहिलंच वचन, जे नक्की पाळलं जाईल.

हॉलमध्ये चहा. जाड कप, कंडेन्स्ड दूध.
भिंतीपाशी व्यापाऱ्याच्या जुन्या दुकानातली वही,
काचेखाली, सतराव्या पानावर उघडून ठेवलेली.
माझ्या पणजोबाचं खातं.
नावे: मीठ, काकवी, पीठ, बुटांचा एक जोड.
जमा: मासे.
खाली शाईने ओढलेली बाकी,
तीच पुढच्या पानाच्या डोक्यावर.
खातं खातं, हे लहानपणी कळलं असतं
तर दुसरं काहीतरी मागून घेतलं असतं मी.

मग डल्सीने मतदारांची यादी आणली.
मी बोट फिरवत गेले, सवयीने, बेरीज तपासायला.
छत्तीस, सदतीस.
अडतिसावं नाव माझं.
बावीस वर्षं झाली मला इथून जाऊन.
"चूक नाहीये ती," डल्सी म्हणाली, कप विसळत.
"चाळिसाच्या वर माणसं असली
तर फेरी आठवड्यातून दोनदा.
खाली गेलं की एकदाच. तुमचाच नियम.
तू, तुझा भाऊ, आणि म्हातारा हेझकाया.
हेझकाया मार्चमध्ये गेला,
पण त्याची काही तक्रार नाही."

माझा सचिव खोकला. लॅपटॉप अर्धा मिटला.
माणशी खर्चाचा तक्ता त्यात तीन रंगांत होता,
आणि त्यातल्या एका माणशीत मी होते,
दर सोमवारी, दर गुरुवारी,
पीठ, औषधं, टपाल घेऊन बोट माझ्यासाठी येत होती
आणि मी घ्यायला धक्क्यावर नव्हते.

सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही,
तिसरा कप घेणार का, असं विचारल्यासारखे.

इतिवृत्तात सचिवाने विचारलं, गावची लोकसंख्या?
मी म्हटलं, यादीत आहे ती.
पेन्सिल त्याने जरा वेळ हवेत धरली,
मग लिहिलं.

मतदान पुढच्या महिन्यात.
परतताना पाणी आणखी उतरलेलं,
शिडीच्या खालच्या पायऱ्या, ज्या येताना नव्हत्या,
काळ्या, निसरड्या, शिंपल्यांनी भरलेल्या.
सेल्बीने वरून फाइल खाली सोडली, दोरीला बांधून,
मासे सोडतात तशी.
"मत द्यायला येशील तेव्हा," तो ओरडला,
"भरती बघून ये."