वीट

बिटको चौकापलीकडे सरकारी दुधाचं केंद्र होतं,
निळं, टपरीएवढं.
खिडकीत कुंदाबाई शेवाळे.
पहाटे साडेपाचला मी रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत,
आणि तिचं कपाळ खिडकीच्या वरच्या पट्टीला टेकलेलं.
पैसे घ्यायला वाकावं लागायचं तिला.

मग कधीतरी ती वाकेनाशी झाली.
मग पायाखाली एक वीट आली.
मी बारावीला असताना दुसरी.
आम्हाला वाटायचं, टपरीची जमीन खचतेय.

काल ती माझ्याच एक्स-रेच्या टेबलावर.
"नुसती शिंकले गं.
मळ्यात द्राक्षांना फवारणी चालली होती, वास आला,
आणि बरगडीच गेली."

श्वास घ्या. धरा. सोडा.

हाड पांढरं उठायला हवं,
तिचं राखाडी आलं.
थंडीतल्या धुक्यात चांभार लेण्याचा डोंगर दिसतो तसं,
आहे, पण कड कुठे संपते सांगता येत नाही.
दबलेले मणके मोजले.
तीन.
विटा दोनच होत्या.

दूध घ्यायचात ना, विचारलं मी. मूर्खासारखं.

"फुटलेल्या बाटलीचाही हिशोब द्यावा लागायचा, बाई.
घरी अर्धा लिटर. सासरे, दोन पोरं, ह्यांचा चहा.
मी कोरा."
नाचणी?
"बाळंतपणात."
तीळ?
"संक्रांतीला, वाटून उरले तर."
ऊन?
"खिडकीला पत्रा होता ना."

मी समजावलं:
रक्ताला रोजचं लागतंच,
ताटातून नाही मिळालं की ते हाडांतून उचलतं.
"म्हणजे उसनं."
हो.
"आणि मागायला कुणी येत नाही."
पुढचं मला सुचलं नाही.
गोळ्यांच्या चिठ्ठीवर मी तारीख टाकली.

उठताना दंड धरला तिनं माझा.
"रामकुंडात म्हणे हाडं विरघळतात.
माझी गंगेवर कशाला न्यायची?
घरीच उरकलं की सगळं!"
आणि हसली, बरगडी दाबून, आई गं म्हणत.

एवढ्यात शिपाई माझा चहा ठेवून गेला.
तिनं कपात डोकावून पाहिलं.
"दूध?"
नको वाटतं, मी म्हटलं, ॲसिडिटी होते.

ती काही बोलली नाही.
माझ्या तोंडाकडे बघत राहिली जरा वेळ,
मग खाली,
माझ्या पायांकडे.