हे आणि ते

माझगाव कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
मी जबान्या इंग्रजीत उतरवतो.
आज हौसाबाई तांडेल, वय एकसष्ट:
"यांनी त्यांना सांगितलं,
शिवडीची खोली त्यांची नाही, यांची आहे,
तसे ते यांच्यावर धावून आले."

मराठीत सगळं लख्ख.
हे म्हणजे नवरा, ते म्हणजे थोरले दीर.
इंग्रजीत दोघेही 'ही', दोघेही 'हिम',
आणि खोली त्याची नाही, त्याची आहे.

नियम साधा आहे. घोटाळा झाला
की सर्वनाम काढा, नाव लिहा.
"बाई, यांचं नाव?"

तिनं पदर सारखा केला.
पंख्याकडे पाहिलं, मग वकिलाकडे.
मग सुटे पैसे मोजून द्यावेत तसं
एकेक अक्षर:
हि. रा. जी.

मी टाइप केलं. एका परिच्छेदात पाच वेळा,
शंका नको म्हणून.

"वाचता येत नाही मला,
पण कुठंय ते दाखवा."
दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं,
शाई ओली असावी अशा बेतानं,
आणि हळूच विचारलं,
"यांना कळेल का हो, मी घेतलं म्हणून?"

ते असतात कुठे,
हे मी विचारलं नाही.