नऊ बाटल्या

वार्डोत नोव्हेंबरपासून सूर्य नाही.
ओड्बयोर्गच्या खिडकीत नऊ बाटल्या.
डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आठ बाजूला सारल्या:
"उजाडेपर्यंत हे ड तेवढं घ्या.
बाकीचं लघवीवाटे समुद्रात जातं."

समुद्राला कशाला?
तो तर आधीच कॉडच्या तेलानं तुपट.

आठांची किंमत तिनं
पाकिटाच्या पाठीवर मांडली:
एक बोटीचं तिकीट, थोरलीकडे, जाऊन-येऊन.
एकोणऐंशी वर्षं, आणि हा हिशेब आत्ता.

सांध्यांची गोळी मात्र
लोण्यात लपवून रोज कुत्र्याला.
परवा तो जिना चढला, आपणहून.
लेबल काही त्यानं वाचलं नव्हतं.

ती खालीच उभी,
एका हातानं कठडा धरून,
बाटलीत किती उरल्यात
मोजत.