सोळावा

खेळतात पंधरा. मी सोळावा.
म्हणजे पाण्याचा जार, बर्फाची पिशवी, दुखण्याचा स्प्रे,
सगळ्यांचे मोबाईल,
आणि सकाळी सहाला मैदानावर फक्कीच्या ओळी.

तांबोळी सर भूगोल शिकवतात.
जूनमध्ये पुण्याहून आठ दिवसांचं शिबिर करून आले
ते एक लांबगोल चेंडू घेऊन.
मायाप्पा गोरड म्हणाला, सर, हा दबलाय.
सर हसले, चेंडू जमिनीवर टाकला,
आणि तो शाळवातून निघालेल्या सशासारखा
कुणाच्याच हाती लागेना.

बोअरचे जुने केसिंग पाइप जोडून
कुंडलिक लोहारानं गोलचे खांब उभे केले.
विट्यातली अर्धी माणसं विचारून गेली,
टॉवर कुठल्या कंपनीचा?

नियम फार नाहीत, सर म्हणाले.
चेंडू हातानं फक्त मागं द्यायचा
आणि माणसांनी पुढं जायचं.
आमच्या तालुक्याला हे शिकवावं लागत नाही.
घरटी एक जण गलाईला,
मनिऑर्डर मागं, माणूस पुढं,
सेलम, मदुराई, गुवाहाटी.

सप्टेंबरात सांगलीला गेलो. बावन्न–शून्य.
परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही;
तेजस म्हेत्रेनं तुटलेला दात रुमालात बांधून
खिशात ठेवला होता, आईला दाखवायला.
जयसिंगपूर, एकोणतीस–शून्य.
सर म्हणाले, निम्म्यावर आणलं की रे.

इस्लामपूरला बारा–दहा. हरलोच,
पण ते दहा हर्षल शिरतोडेचे.
लेंगऱ्याहून सायकलनं यायचा,
चेंडू काखेत असा धरायचा
की घरून आणलेला डबा आहे, सांडता कामा नये.
एकदा तर पलीकडं पोचून वळून बघितलं त्यानं,
मागं कुणीच नाही म्हटल्यावर जरा लाजला.

दिवाळीत त्याचा मामा आला त्रिशूरहून.
दुकानात एक माणूस कमी पडत होता.
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हर्षल माझ्या घरी,
हातात चौदा नंबरचा शर्ट, धुतलेला, इस्त्री केलेला.
बूट पण घे, म्हणाला,
पुढं थोडा कापूस भर.
चहाला थांबला नाही.

तासगावला जिंकलो. सात–पाच.
कसं, ते मला नीट सांगता येणार नाही.
मायाप्पाच्या अंगावर चार जण लोंबकळत होते
आणि तो त्यांना घेऊन चालत होता,
मेंढरं ओढ्यापार न्यावीत तसा,
तोंडानं काहीतरी पुटपुटत.
मागाहून विचारलं तर म्हणाला, आकडे मोजत हुतो.

शेवटची मॅच आपल्याच मैदानावर.
कडेगावची पोरं, डिसेंबरचं ऊन,
कंपाउंडवर बसलेला अख्खा कॉमर्सचा वर्ग.
दोन मिनिटं उरलेली, तीन गुणांनी मागं,
आणि चेंडू माझ्याकडं आला.
समोर कुणी नव्हतं.
सकाळी मीच मारलेली ओळ होती, जराशी वाकडी.
हातातून पुढं निसटला.
शिट्टी.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
सरांनी स्वतः खाली वाकून
माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

रात्री त्रिशूरहून फोन.
मागं भट्टीचा आवाज, मल्याळी गाणं.
सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ
पोत्यानं येते, म्हणाला,
जाळायची, गाळायची, मग कुठं गुंजभर.
खोकला. मग म्हणाला, कळलं मला.
मी गप्प.
चेंडू कुणाकडं असतो आता?
माझ्याकडं. कॉटखाली.
हवा भरत जा अधनंमधनं, मे महिन्यात येतोय,
एक मॅच लावू आपल्यातच.

मे महिन्यात मैदान लग्नांना भाड्यानं देतात,
खांबांना मांडवाच्या दोऱ्या बांधतात.
मी सांगितलं नाही.
म्हटलं, ये.