गोळीबंद पाक

राजारामपुरीत, चौथ्या गल्लीत, दवाखान्याच्या तळघरात
माझं काम इतकंच:
टेपनं डोकं मोजायचं, जेल लावायचं,
एकवीस वायरी चिकटवायच्या आणि म्हणायचं,
हलू नका. डोळे मिटा. आता उघडा.

तातोबा चौगले, वय ब्याऐंशी, मुक्काम वडणगे.
पन्नास हंगाम गुळव्या.
तीन वर्षं सुनेला ओळखलं नाही,
घास हातात धरून विचारायचे, ह्यो कुणाचा?
आलेखावर रुंद, सुस्त लाटा,
वारा पडल्यावर कळंब्याचं पाणी.
डॉक्टर खवरे पेन टेकवून म्हणाले,
"इथं आता कुणी राहत नाही."

सोमवारी तेच तातोबा स्ट्रेचरवरून मान वळवून बोलले,
"सुलाबाई, भेंडी कमी पडलीया. मळी वर येईना."
सून भिंतीला टेकली.
मग त्यांनी चुलवाण्यांची नावं घेतली,
मेलेल्या बैलांची घेतली,
माझं बिल्ल्यावरून वाचलं: "रुबीना."

मशीनवर लाटा त्याच.
वायर सैल नव्हती. दोनदा बघितली.

वर चहाच्या टेबलावर वाद.
भूल देणारी मानसी म्हणते, पेशींच्या आत बारीक नळ्या असतात,
भूल तिथं उतरते, तर मनही तिथंच कुठंतरी.
खवऱ्यांचे मेहुणे, विद्यापीठात फिजिक्स शिकवणारे,
त्यांना हे पटत नाही:
मेंदू मन बनवत नाही, अडवतो,
राधानगरीच्या दारांसारखा.
दार मोडलं की धरण दिसतं.
"धरण दाखवा मग," खवरे म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं.
ते चहात पडलं.

एका आलेखावरून काही ठरत नाही, हे मलाही कळतं.
पण मी खाली होते, त्या तासाला.
विचारलं, आजोबा, रसाचा गूळ नेमका कधी होतो?

"पाण्यात थेंब सोडायचा.
बोटात गोळी आली की काहील उतरायची.
जरा उशीर केलास, करपला."

आणि गोडी? ती कधी येते?

"गोडी उसातच हुती की गं.
म्या फकस्त पाणी उडवलं."

मग काहील कशाला?

ते हसले. दात नव्हते.
"काहील नसंल तर
गोडी काय पदरात बांधून शाहूपुरीला नेशील?"

आणि ढेप पाण्यात विरघळली तर, हे
मी विचारणार होते.
त्यांनी डोळे मिटले. मी न सांगताच.

पहाटे गेले.

तेराव्यानंतर सुलाबाईंनी फडक्यात बांधून
गुळाचा खडा पाठवला.
खवऱ्यांनी चहात टाकला. चहा फुटला.
त्यांनी तसाच प्यायला.

मी वायरी धुवायला घेतल्या.
पुढचा पेशंट मलकापूरचा, नऊ वर्षांचा,
वर्गात बाकावर बसल्या बसल्या
वीस सेकंद कुठंतरी जाऊन येणारा.
कुठं जातोस रे?
"कुठं नाही," म्हणाला. "तुम्हीच सगळे थांबता."

मी टेप काढली.
हलू नको. डोळे मीट.